हिवाळा, घर आणि गाडी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. दरवर्षी या दिवशी मी सतरंज्या घालते, चहाच्या कपांचा हिशेब ठेवते आणि मागच्या रांगेत बसून इतरांची भाषणे ऐकते. या खेपेस चिटणीसबाई म्हणाल्या, "गेल्या हिवाळ्यात तुमच्या घरी जे झाले ते चारजणींना सांगा, म्हणजे दुसऱ्या कोणावर ती पाळी यायची नाही." म्हणून उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकी बोलणे मला जमणार नाही. घरात आणि रस्त्यावर जे पाहिले तेवढेच सांगते. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

विषय थंडीचा आहे. आपल्या मराठवाड्यात उन्हाची आणि पाणीटंचाईची चर्चा बारा महिने होते, थंडीची कोणी करीत नाही. पण दिवाळी सरली की गोदावरीच्या काठाने पहाटे कसे बोचरे वारे सुटते ते आपण सगळ्या जाणतो. आपल्या शेजारी परभणीला कृषी विद्यापीठाच्या आवारात काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. काश्मीरच्या माणसाला याचे काही वाटणार नाही, कारण त्याचे घर आणि त्याचे कपडे थंडीसाठीच केलेले असतात. आपली घरे उन्हासाठी केलेली. म्हणून थोडी थंडी आली तरी आपण गडबडून जातो आणि गडबडीत नको ते करून बसतो.

माझे माहेर लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूचे. घर माळवदाचे होते. दगडमातीच्या भिंती दोन-दोन हात रुंद, वर लाकडाचे खण आणि त्यावर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याच्या आधी नाना त्यावर नवी माती टाकीत. अशा घरात उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब. कारण सोपे आहे. जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू ते घरात सोडते. चूल घरातच असे, पण माळवदाला वर एक भोक ठेवलेले असे, त्याला आम्ही साणे म्हणतो. त्यातून धूर बाहेर जाई आणि सकाळी उजेडाचा कवडसा आत येई. पावसात त्यावर घमेले पालथे घालण्याचे काम माझ्याकडे होते.

१९९३ साली ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. मी तेव्हा सातवीत होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते आणि आम्ही पोरे खेळून दमून अंगणातच पसरलो होतो. आजीला वारे सोसत नसे, म्हणून ती आत, जाड भिंतीच्या कडेला निजली होती. तेवढ्या पहाटेत लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. आमची आजी त्यात गेली. जी भिंत आम्हांला ऊब देत होती तीच तिच्या अंगावर आली. चिखलात रचलेले दगड आणि वर वर्षानुवर्षे वाढत गेलेले मातीचे ओझे, दुसरे काय होणार? याहून जास्त त्या दिवसाबद्दल मी बोलत नाही.

त्यानंतरचा हिवाळा आम्ही पत्र्याच्या शेडात काढला. भगिनींनो, थंडी म्हणजे काय ते मला तिथे कळले. पत्रा दुपारी तापतो आणि सूर्य बुडाला की तासाभरात बर्फासारखा होतो. पहाटे आपल्याच श्वासाची वाफ पत्र्याला आतून धरे आणि थेंब थेंब अंगावरच्या वाकळेवर पडे. धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता, त्याचा खोकला त्या हिवाळ्यात हटलाच नाही. माझी माय त्याला पोटाशी धरून बसल्या बसल्या रात्र काढी. सातवीची परीक्षा मी त्या शेडातूनच दिली आणि तिथेच माझी शाळा सुटली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसली. सिमेंटची घरे आली, पातळ भिंती आल्या, पण माणसे निर्धास्त झोपू लागली. मात्र त्या शेडातल्या थंडीची धास्ती माझ्या मनातून कधीच गेली नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून जी चूक झाली तिचे मूळ त्या धास्तीत आहे.

लग्न होऊन मी नांदेडला आले. आमच्या ह्यांचा मालवाहू टेम्पो आहे. पोटाला चिमटा घेऊन आम्ही दोन खोल्या आणि वर एक खोली बांधली. वरची खोली स्लॅबची, फरशी गुळगुळीत, खिडक्या सरकत्या काचेच्या. खिडकी लावली की मुंगीलाही वाट राहत नाही, अशी चांगली बसवलेली. त्याचा मला मोठा अभिमान होता.

थोरली लेक पौषात बाळंतपणाला आली. मुलगी झाली. तिला वरच्या खोलीत ठेवले. बाजेखाली कोळशाची शेगडी, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, सगळे रीतीप्रमाणे. दहाव्या दिवशी रात्री कडाक्याची थंडी पडली. आत्याबाई झोपायला जाताना म्हणाल्या, "बाई, या खोलीला साणे नाही. चार बोटे खिडकी राहू दे." मी हो म्हटले. पण त्या खाली गेल्यावर बाळाच्या नाकाला हात लावला तर गार लागले. मला शेड आठवले, भावाचा खोकला आठवला. मी उठून खिडकी लावली. दाराच्या फटीला पोते लावले. शेगडीत आणखी निखारे घातले आणि बाजेजवळच आडवी झाले.

किती वेळ गेला कळले नाही. लेक म्हणाली, "आई, डोकं फार दुखतंय, मळमळतंय." मला वाटले, पित्त झाले असेल. उठावे म्हटले तर पाय उचलेनात. झोप इतकी गोड आली होती की दुखण्याची भीतीसुद्धा वाटेना. तेवढ्यात हे लातूरची खेप करून अडीच वाजता आले. खालून हाका मारल्या, वर आले, दार ढकलले. मी उभी राहिले आणि तिथेच कोसळले. ह्यांनी एक शब्द न बोलता आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, बाळ आणि बाळंतीण दोघींना गच्चीवर उघड्या हवेत आणले आणि शेगडी उचलून बाहेर ठेवली. मग टेम्पोतच दवाखान्यात नेले. तिथे प्राणवायू लावला. दोन दिवस ठेवून घेतले. देवाची दया आणि ह्यांचे प्रसंगावधान, म्हणून आज नात घरभर चालते आहे.

ह्यांना ते कसे समजले, असे मी नंतर विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की, काही वर्षांपूर्वी अहमदपूरच्या पुढे एका ढाब्यावर त्यांच्या दोन सोबत्यांनी थंडीमुळे घमेल्यात निखारे घेऊन केबिनच्या काचा लावल्या होत्या. सकाळी दार वाजवूनही ते उठेनात. काच फोडून त्यांना काढावे लागले. दोघे वाचले, पण एकाला पुष्कळ दिवस नीट चालता येईना. ह्यांनी ही गोष्ट घरी सांगितली नव्हती, मला उगीच काळजी नको म्हणून. पुरुषांनी रस्त्यावरच्या गोष्टी घरी सांगाव्यात आणि बायकांनी घरातल्या गोष्टी चारचौघींत सांगाव्यात, असे मला त्या दिवसापासून वाटते.

आता हे असे का होते ते डॉक्टरबाईंनी समजावले तसे सांगते. कोळसा, लाकूड, गोवरी, गॅस, डिझेल, काहीही जळताना हवा पुरेशी नसली तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. आपण धुराला भितो आणि धूर नसलेला लाल निखारा पाहून निश्चिंत होतो, तिथेच फसतो. आपले रक्त प्राणवायूपेक्षा हा वायू दोनशेपटींहून जास्त ओढीने धरते, आणि मग अंगाला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, हातपाय गळतात, गुंगी येते. झोपलेला माणूस झोपेतच राहतो. बंद खोलीत एकदम दोघा-तिघांचे डोके दुखू लागले तर पित्त म्हणू नका, बाधा म्हणू नका. आधी दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर आणा आणि तडक दवाखाना गाठा.

म्हणून घरासाठी मी आता काही गोष्टी ठरवल्या आहेत.

पेटलेली शेगडी घेऊन झोपायचे नाही. शेकायचे असेल तेव्हा शेगडी बाहेर पेटवावी, समोरासमोर खिडकी आणि दार उघडे ठेवून जागेपणी शेक घ्यावा आणि निजण्यापूर्वी ती खोलीबाहेर नेऊन ठेवावी. राख घालून झाकली म्हणजे विझली, असे समजू नये. आत निखारा धगधगत असतो. बाळासाठी डॉक्टरबाईंनी सांगितले की, त्याला आईच्या उघड्या अंगाशी धरून वरून पांघरूण घालावे, डोक्याला टोपी, पायांत मोजे घालावेत आणि तोंड मोकळे ठेवावे. आईच्या अंगाइतकी बेताची ऊब कोणत्याही शेगडीची नाही. मला हे ऐकून माझी माय आठवली. तिला कोणी शिकवले नव्हते, पण शेडात ती तेच करीत होती.

दुसरे, न्हाणीघरातला गॅसचा गिझर. आता घरोघर तो आला आहे. कोंदट न्हाणीत तो लावला की तोच वायू तिथेही होतो. गिझर बाहेर बसवून नळाने पाणी आत घ्यावे. तसे जमत नसेल तर आधी बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि मग स्नानाला जावे. झडप किंवा खिडकी कधीही बुजवू नये.

मग ऊब कशी मिळवायची? सिमेंटचे घर लवकर गार होते, ते मान्य. पण उपाय आहेत. दुपारी ज्या बाजूने ऊन येते तिकडच्या खिडक्या उघडून ऊन आत घ्यावे आणि दिवेलागणीच्या आधी लावून घ्याव्यात, मात्र एक खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. खिडक्यांना जुन्या लुगड्यांचे दुहेरी पडदे शिवावेत. पांघरुणे वाढवण्यापेक्षा अंथरूण वाढवावे. फरशी अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून अंगावर दोन तर अंगाखाली तीन, हा हिशेब ठेवावा. खाली पोती, त्यावर सतरंजी, त्यावर वाकळ. खाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर सारावी. म्हाताऱ्या माणसांच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवावी. पोटात बाजरीची भाकरी, तीळ, जवसाची चटणी असली तर आतूनही बरे वाटते.

आता गाडीकडे येते. तुम्हांला ठाऊक आहेच, वयाच्या चाळिशीत मी स्कूटी शिकले. धाकटीचा क्लास सकाळी सहाला असतो, तिला सोडायला कोणी नव्हते म्हणून शिकले. सुरुवातीला आळीतल्या बायका हसल्या, त्यातल्या दोघी आता माझ्याकडेच शिकत आहेत. थंडीत गाडी चालवताना दोन गोष्टींनी घात होतो. एक पदर. शाल, ओढणी किंवा पदर वाऱ्याने मागे उडून चाकात गेला की बाई रस्त्यावर पडते. शाल पांघरून गाडीवर कधीच बसू नका, मागे बसतानासुद्धा नाही. स्वेटर घाला, पदर कमरेला घट्ट खोचा. गार वारे छातीला लागत असेल तर स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी घाला. ही ह्यांची जुनी युक्ती आहे आणि फार गुणकारी आहे. दुसरे म्हणजे बधिर बोटे. गार पडलेल्या बोटांना ब्रेक वेळेवर दाबता येत नाही, म्हणून हातमोजे हवेतच. कानाला फडके बांधले तरी वर हेल्मेट हवे, आणि मागच्या गाडीचा आवाज ऐकू आला पाहिजे.

चारचाकीचे नियम ह्यांनी मला सांगून पाठवले आहेत. थंडीत बॅटरी मंदावते, म्हणून जुनी बॅटरी हिवाळ्यापूर्वीच तपासावी. गार हवेने टायरातली हवा कमी भरते, तीही पाहावी. काचेवर आतून वाफ धरली की माणूस हाताने पुसत गाडी हाकतो, ते धोक्याचे. खिडकी थोडी उघडावी, काच आपोआप निवळते. धुक्यात मोठा दिवा लावू नये. त्याचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. दिवा खाली करून हळू जावे, आणि रस्त्यावर थांबू नये, खाली उतरून थांबावे. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपणे म्हणजे बंद खोलीत शेगडी ठेवण्यासारखेच आहे. वाटेत झोप आली तर इंजिन बंद, काच थोडी उघडी आणि अंगावर घोंगडी.

आता शेवटचे आणि माझ्या मनातले सांगते.

नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणारा रस्ता ह्यांच्या रोजच्या पायाखालचा. माळेगावच्या खंडोबाची जत्रा भर थंडीत असते, तेव्हा कडेला माणसे आणि जनावरे उघड्यावर निजलेली असतात. शिवाय याच दिवसांत साखर कारखाने चालू असतात आणि रात्रभर उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्याने जात असतात. बैलगाडीला दिवा नसतो. गेल्या माघात एका धुक्याच्या पहाटे ह्यांच्यासमोर अचानक उसाच्या शेंड्यांची भिंत उभी राहिली. ह्यांनी टेम्पो कसाबसा शेतात घातला. खाली उतरून पाहतात तो गाडीवर ऊसतोडीची बाई बसलेली, घोंगडीत लेकरू गुंडाळलेले. तिला काही कळलेच नव्हते, ती पेंगत होती. ह्यांनी घरी येऊन ते सांगितले आणि दिवसभर जेवले नाहीत.

त्या गाड्यांना मागे रेडियमची पट्टी लावतात, नाही असे नाही. पण ऊस गाडीच्या मागे दोन-दोन हात बाहेर येतो आणि पट्टी त्याखाली झाकून जाते. म्हणून माझ्या मनात असे आले की, पोत्याच्या जाड कापडावर लाल रेडियमची पट्टी शिवावी, वर दोन बंद लावावेत, आणि ते उसाच्या शेंड्यांवरून मागे लोंबत ठेवावे. ऊस उतरला की सोडून घ्यावे, चिखल लागला तर धुवावे. मी असे एक शिवून पाहिले आहे. ह्यांनी रात्री दुरून टेम्पोचा दिवा टाकून पाहिला, पट्टी चांगली चमकते. ते मी इथे आणले आहे, कार्यक्रम संपल्यावर पाहावे.

संक्रांत जवळ आली आहे. दरवर्षी आपण हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या आणि वाट्या लुटतो. त्या किती घरांत वापरल्या जातात ते आपल्याला ठाऊक आहे. माझी मंडळाला विनंती आहे की, यंदा प्रत्येकीने वाणाच्या खर्चातून असे दोन-दोन पट्टे शिवावेत. मंडळाची दोन शिलाई मशिने आहेत, हात पुष्कळ आहेत. आणि ऊसतोडीच्या बायका जिथे कोपी करून उतरल्या आहेत तिथे जाऊन, त्यांना हळदीकुंकू लावून, तिळगूळ देऊन, हे वाण त्यांच्या ओटीत घालावे. तिथे त्यांनाही सांगावे की, लेकरे घेऊन निजताना कोपीच्या आत निखारे ठेवू नका. तीही आपल्यासारखीच आई आहे, तिलाही लेकराच्या गार नाकाची भीती वाटते.

भगिनींनो, ऊब सगळ्यांना हवी असते. मीही तिच्यापायी आंधळी झाले आणि आत्याबाईंचे चार बोटांचे सांगणे ऐकले नाही. आत्याबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्यासमोर माझी चूक कबूल करते आणि आपण सगळ्यांनी आज रात्री निजण्यापूर्वी एक खिडकी चार बोटे उघडावी, एवढे मागणे मागते.

 पट्ट्यांच्या शिवणकामासाठी ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी चहाच्या टेबलाशी मला भेटावे. मी नेहमीप्रमाणे तिथेच असेन.